दुसऱ्या पेटीवर कोण बसलं

दुरीची एक खोड नेसाला तो एवढासा होता तेव्हापासून सहन होत नसे. अडचणीचा प्रश्न आला की हा उठून लाकडं आणायला जायचा. शाळेत मार कशाचा खाल्लास? लाकडं. ती खालच्या गावची मुलगी नाही का म्हणाली? लाकडं. आता पन्नाशी उलटली, डोक्यावर टक्कल चमकायला लागलं, तरी खोड तीच. त्या आठवड्यात तर शेगडीशेजारची रास खिडकीच्या चौकटीला टेकली होती, आणि बाहेर एप्रिलचं ऊन असं कडक पडलं होतं की छपरावरचं बर्फ दिवसभर गळत होतं.

"घर गरम ठेवायचंय की बैल भाजायचाय?" नेसानं विचारलं.

"रात्री गारठा पडतो, आई."

"पडतो. माझ्या लग्नाच्या आधीपासून पडतोय. त्यासाठी कुणी असं जंगल घरात आणून रचलं नव्हतं."

दुरीनं हातातला ओंडका राशीवर ठेवला, हात झटकले आणि पुन्हा बाहेर गेला. नेसा त्याच्या पाठीकडे बघत राहिली. झुरिकच्या हवामान संस्थेतून डॉक्टरीणबाईंचा फोन आल्यापासून हे चाललं होतं. गुरुवारी वर येते, थोडं बोलायचंय, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. एरवी ही बाई फोनवर हवापाण्यापासून मांजराच्या बाळंतपणापर्यंत सगळी चौकशी करायची. ती एवढ्यावर थांबली म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं, आणि हे कळायला नेसाला शाळा लागत नव्हती. शाळा तिची तशीही हिवाळ्यापुरतीच झाली होती. बर्फ वितळलं की मुलींनी गुरांमागे डोंगरावर जायचं, ही तेव्हाची रीत. आकडे तिला वाचता येत, अक्षरांशी ती भांडत भांडत पुढे सरके. पण या घरात सून म्हणून आल्यापासून तिनं आधी सासऱ्यांना, मग नवऱ्याला आणि मग मुलाला त्या पेटीपुढे बसलेलं पाहिलं होतं. पेटीबद्दल कुणी तिला शहाणपण शिकवायला आला तर ती त्याला दारातूनच वाटेला लावी.

पेटी म्हणजे माणूस आडवा होईल एवढी लांब, धातूची, राखाडी. घरामागच्या दगडी गच्चीवर लाकडी खोपटात ती ठेवलेली असे, अंगावर घोंगडी पांघरून, कारण तिला गारठा आणि ऊब यांची लगेच बाधा व्हायची. आभाळ स्वच्छ असलं की खोपटाचं छप्पर सरकवायचं, पेटी सूर्याकडे वळवायची. आत काचेचे लोलक होते, ते उन्हाचे रंग सोडवून वेगळे करत. त्यांतले दोन धरायचे, तेही माणसाला न दिसणारे. वर, विमानं जातात त्याच्याही खूप वर, ओझोन नावाचा वायू असतो. इतका विरळ, की सगळा गोळा करून जमिनीवर अंथरला तर एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढा थर व्हायचा. तेवढाच थर उन्हातलं विष अडवून धरतो. त्या दोन रंगांपैकी एक हा वायू आवडीनं खातो, दुसऱ्याला फारसा शिवत नाही. दोन्ही किती उरून खाली आले हे ताडून पाहिलं की वर वायू किती आहे ते कळतं. ताडून बघायचं म्हणजे पेटीवरची तबकडी फिरवत राहायची. काटा मध्यावर येऊन उभा राहिला की थांबायचं आणि तबकडीवरचा आकडा लिहायचा.

"काय करता तुम्ही?" असं कुणा पाहुण्यानं विचारलं की नेसाचा नवरा प्लाची म्हणायचा, "वायूनं टाकलेलं उष्टं मोजतो."

प्लाची जाऊन आता बरीच वर्षं झाली. माणूस बोलायला गोड आणि कामात खडूस. सूर्यावरून केसाएवढा ढग सरकला तरी तो हात मागे घेई आणि त्या वेळचा रकाना कोरा सोडी. संस्थेतली मंडळी म्हणायची, अंदाजानं काहीतरी भरा की. तो म्हणायचा, अंदाज तुम्ही झुरिकमध्ये बसून करा, तिथे ढग जास्त असतात. त्याच्या बापानं सुरू केलेली आकड्यांची रांग त्यानं अशी सांभाळली. पुढे वरचा वायू विरत चाललाय म्हणून जग घाबरलं, तेव्हा दूरदूरचे विद्वान सुलेलसारख्या आडगावात चढून आले, कारण इतकी जुनी, न तुटलेली रांग त्यांना दुसरीकडे सहज मिळत नव्हती. नेसानं त्या सगळ्यांना जवाचं सूप वाढलं होतं आणि कोण कसा चमचा धरतो त्यावरून त्यांची किंमत केली होती.

गेल्या वर्षी ठरलं, खोपटं बंद करायचं. पेटी थकली होती, तिचे सुटे भाग कुणी बनवत नव्हतं, आणि संस्थेला एका पेटीपायी एवढ्या उंचावर माणूस ठेवणं परवडेना. मोजणी पलीकडच्या खोऱ्यात चालू राहणार होती, तिथल्या मोठ्या केंद्रात, त्याच जातीच्या दुसऱ्या पेटीवर. पण एक पेटी उचलली आणि दुसरी ठेवली, असं होत नाही. प्रत्येक पेटीचा स्वभाव वेगळा. एक जरा जास्त सांगते, एक जरा कमी. म्हणून ती दुसरी पेटी ऑगस्टमध्ये सुलेलला आणून जुनीच्या शेजारी ठेवली. शरद, हिवाळा आणि वसंताचं तोंड, एवढा काळ दोघींनी एकाच उन्हाकडे बघायचं. म्हणजे दोघींतला फरक कळेल, आणि जुन्या रांगेचं टोक नव्या रांगेला नीट सांधता येईल.

"सासू जायच्या आधी सुनेला शेजारी बसवतात, तसं," नेसा म्हणाली होती.

अशा वेळचा एक नियम होता, प्लाचीच्या बापापासून चालत आलेला. दोन पेट्या, तर दोन माणसं. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. दोघांचे आकडे कागदावर उतरल्याशिवाय कुणी तोंडातून आकडा काढायचा नाही, हुं की चुं करायचं नाही. कारण काटा कधी पुरता स्थिर उभा राहत नाही. तो थरथरत असतो. शेजाऱ्याचा आकडा कानावर पडला की हात त्या थरथरीतून नेमका तोच आकडा उचलतो. माणूस कितीही सज्जन असो. प्लाची म्हणे, पाद्रीबाबांसमोर कबुली देताना मागच्याचं पाप ऐकायचं नसतं, नाहीतर आपलं त्याच्या मापानं सांगितलं जातं.

दुसऱ्या पेटीवर बसायला नेसाच्या बहिणीची नात बार्ला होती. हुशार पोर, पण जिभेला हाड नाही. सप्टेंबर कसाबसा गेला. ऑक्टोबरात ती दुरीशी कडाकडा भांडली आणि खालच्या दवाखान्यात नोकरी धरून निघून गेली. का भांडली ते नेसानं दुरीला विचारलं होतं. तो लाकडं आणायला गेला होता.

गुरुवारी दुपारच्या बसनं डॉक्टरीणबाई आल्या. त्यांचं आडनाव असं होतं की म्हणताना घशात हाड अडकल्यासारखं व्हायचं, म्हणून नेसा त्यांना बाईच म्हणे. दर वेळी त्या चॉकलेटचा डबा आणत. या वेळी हात रिकामे होते, आणि गळ्यातला रुमाल त्यांनी घरात आल्यावरही काढला नाही.

"बसा. सूप गरम आहे," नेसा म्हणाली.

"आधी बोलते, नेसाबाई. मग वाढायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

"माझ्या घरात पान कुणाला वाढायचं ते मीच ठरवते. बोला."

दुरी टेबलाच्या टोकाला बसला होता, दोन्ही हात मांडीवर. बाईंनी बॅगेतून कॉम्प्युटर काढला आणि नेसाकडे वळवून ठेवला. पडद्यावर दोन रेघा होत्या, एक निळी, एक तांबडी. डावीकडे त्या एकमेकींपासून सारखं अंतर राखून चालल्या होत्या, रेल्वेच्या रुळांसारख्या. मग मध्येच त्या जवळ आल्या, आणि तिथून पुढे तांबडी निळीच्या अंगावर अशी झोपली होती की दोन आहेत हेच कळू नये.

"निळी म्हणजे तुमची जुनी पेटी," बाई म्हणाल्या. "तांबडी नवी. इथपर्यंत बार्ला होती. इथून पुढे नव्हती."

"मग चांगलं झालं ना," नेसा म्हणाली. "आधी भांडत होत्या, मग पटलं."

"इतकं पटत नाही, नेसाबाई. दोन माणसांनी एका गाण्यावर टाळ्या वाजवल्या तरी थोडं पुढेमागे होतं. इथे काटा थरथरतो तोसुद्धा दोन्हीकडे सारखाच थरथरलाय. सगळा हिवाळा."

दुरी उठला. "शेगडीत जरा..."

"बस खाली," नेसा म्हणाली. "लाकडं कुठे पळून जात नाहीत. ही रास बघून तर तीच घाबरली असतील."

तो बसला. बाईंनी कॉम्प्युटर बाजूला सरकवला आणि आवाज खाली आणला. त्या मऊ बोलायला लागल्या की नेसाला त्या अधिक भयंकर वाटत.

"दुरी, ऑक्टोबरात आपण नव्या पेटीतले ओलावा शोषणारे खडे बदलले होते. कधीकधी त्यानं पेटी ताळ्यावर येते, फरक मिटतो. मी तसं लिहू शकते. मला तसं लिहायचंय, खरं सांगते. पण त्यासाठी दोन पेट्यांवर दोन माणसं बसलेली हवीत. बार्ला गेल्यावर दुसऱ्या पेटीवर कोण बसलं?"

 दुरी टेबलाच्या लाकडातल्या गाठीकडे बघत होता.

"आई," तो म्हणाला. "आई बसायची."

नेसाच्या हातात पळी होती. ती तिनं भांड्यात परत ठेवली नाही, खालीही ठेवली नाही. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता, हेच वाईट होतं. आशा होती.

"खरंय?" बाईंनी विचारलं. "पूर्वी तुम्ही प्लाचींबरोबर बसला आहात, ते मला ठाऊक आहे. ती परदेशी पेटी तुलनेसाठी आणली होती तेव्हा. तुम्ही हो म्हणालात तर मला दुसरं काही नको."

एकदा नेसा खरोखरच बसली होती. प्लाचीच्या पाठीला पाठ लावून, कानटोपी खाली ओढून, तबकडी फिरवत. परदेशी पेटी काही वेगळंच सांगत होती. प्लाचीनं संध्याकाळी दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा नेसा घाबरली होती. वाटलं, आपण काही घोळ घातला. आणि तो मात्र खुशीत शीळ घालायला लागला होता. आता कळलं आपण कुठे उभे आहोत, असं तो म्हणाला, आणि आपली पेटी किती कमी सांगते ते दुसऱ्याच दिवशी संस्थेला कळवून मोकळा झाला. त्या संध्याकाळी त्यानं तिला स्वतः बटाट्याचं माळुन्स परतून खाऊ घातलं होतं. करपलं होतं थोडं.

"बाई," नेसानं विचारलं, "मी नाही म्हणाले, तर काय होईल?"

"हिवाळा फुकट जाईल. आणि हिवाळ्यातलं खाली उतरलेलं ऊनच तर हवं होतं, त्यातच पेट्यांचा खरा स्वभाव कळतो. बार्लाच्या तेवढ्या दिवसांवर जोड देता येत नाही. मग जुनी रांग ऑक्टोबरातच संपली, असं लिहावं लागेल. नवी वेगळी, पहिल्यापासून. दोघींच्या मध्ये भेग."

"मग पुन्हा बसवा शेजारी शेजारी. आणा पेटी परत. मी बसते, पाय गारठले तरी बसते."

बाईंनी मान हलवली. "मार्चमध्ये दोन्ही नेल्या ना. तुमची जुनी खोलून सुटी केली, नेसाबाई. लोलक एका पेटीला फिनलंडला गेले, काच आणखी कुठे. तिच्या अंगातले तुकडे आता दुसऱ्यांच्या अंगात आहेत. परत जोडले तरी ती तीच पेटी होणार नाही."

नेसाला हे ऐकायचं नव्हतं, पण तिनं ते ऐकलं आणि पुढचं विचारलं, कारण अर्धवट विचारून थांबायची तिला सवय नव्हती.

"आणि मी हो म्हणाले, आणि ते खरं नसलं, तर?"

बाईंनी रुमालाची गाठ सैल केली.

"वरचा वायू आता भरून येतोय असं आम्हाला वाटतंय. पण इतका हळू, की दहा वर्षांत जेवढा भरेल तेवढाच या दोन पेट्यांतला फरक आहे. जोड चुकला तर भरलं नसताना भरलं असं दिसेल. किंवा उलट. आणि ते कुणाला कळणारही नाही, कारण सगळे म्हणतील, सुलेलचा आकडा आहे, म्हणजे बरोबरच असणार."

सुलेलचा आकडा. नेसानं हे शब्द उभा जन्म ऐकले होते. गावातला दूधवालासुद्धा दुधाच्या मापाला ते लावायचा. बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर, सुईणीच्या तोंडी. दुसऱ्या बायकांकडे कोणाकडे जमिनी होत्या, कोणाकडे हॉटेल. हिच्याकडे हे होतं, आणि ती ते अंगावर शालीसारखं मिरवत असे. आता एक शब्द बोलला की ते राहणार होतं. 'हो' म्हणायला श्वाससुद्धा पुरता लागत नाही.

ती दुरीकडे वळली.

"मी बसले होते?"

"आई..."

"विचारतेय. म्हातारी झाले, विसरत असेन. कोणत्या दिवशी बसले सांग. अंगावर काय होतं माझ्या? चहा कुणी आणला?"

दुरी लाकडांच्या राशीकडे बघायला लागला.  

"मी बसले नाही, बाई," ती म्हणाली. "बसू का म्हणून विचारलं होतं. एकदा नाही, चारदा विचारलं. आई, थंडी आहे, असं म्हणाला. मी इथे या खिडकीत बटाटे सोलत बसायची आणि खोपटात मला एकच टोपी दिसायची. या पेटीवरून त्या पेटीवर जाणारी. मला वाटलं, तुमचं नि त्याचं तसं ठरलं असेल. तुम्ही शिकलेली माणसं, काय ठरवाल सांगता येत नाही."

बाईंनी डोळे मिटले आणि उघडले. "मी हिवाळ्यात एकदा तरी वर यायला हवं होतं."

"हो, यायला हवं होतं," नेसा म्हणाली. "बर्फ आम्हालाही होतं."

मग दुरी बोलायला लागला. कुणी विचारलं नव्हतं. टेबलाकडे बघूनच बोलत होता.

"खोटा आकडा एकही लिहिला नाही मी. शपथेवर सांगतो. जुनीवर बसायचो, आकडा घ्यायचो. मग नवीवर यायचो. तो आकडा डोक्यात असायचा, काढू म्हटलं तरी निघायचा नाही. तबकडी तिथवर आणायची, थांबायचं. काटा इकडे झुकतो, तिकडे झुकतो. कधीतरी मध्यावर येतोच. आला की लिहायचो."

"कधीतरी येतोच," नेसा म्हणाली. "बंद पडलेलं घड्याळही कधीतरी बरोबर असतं."

"बार्ला रोज संध्याकाळी फरक मोठ्यांदा वाचून दाखवायची. आज इतकं कमी, आज इतकं कमी. हसायची. म्हणायची, मामा, तुमची म्हातारी पेटी आयुष्यभर कमीच सांगत आली की. मी म्हणालो, गप्प बस. ती म्हणाली, मी आकडे वाचतेय, शिव्या देत नाहीये." त्यानं हाताच्या पालथ्या बाजूनं नाक पुसलं. "शेवटचा कागद होता, बाई. याच्यानंतर सुलेलचा कागद निघणार नाही. आणि त्या शेवटच्या कागदावर बाबांच्या पेटीपुढे वजाबाकी लिहिली जाणार. सगळे बघणार. मला ते बघवेना."

"पण तीच वजाबाकी हवी होती मला," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला आणि लगेच खाली आला. "तेवढीच हवी होती. फरक असणं म्हणजे दोष नाही, दुरी. प्रत्येक पेटीला असतो. तो कळला की एकीतून वजा करायचा, संपलं. तुमच्या वडिलांनी तर स्वतः कळवला होता, मागच्या वेळी. त्याच कागदामुळे संस्था त्यांना एवढं मानते."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

   नेसानं उठून ताटल्यांत सूप वाढलं, वाळवलेल्या मांसाचे काप पातळ कापून ठेवले, पाव ठेवला. बाई नको म्हणाल्या.

"खा," नेसा म्हणाली. "खोटं बोलले असते तर तुम्हाला वाढताना हात थरथरला असता. आता थरथरत नाहीये. खा, पुढची बस चुकली तर ही थोबाडं संध्याकाळपर्यंत बघावी लागतील."

बाईंनी खाल्लं. चमचा त्या नेहमी नीट धरत. मग कोट चढवला, दारात थांबल्या. नेसानं त्यांच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं, आणि त्या उतारावरून बसथांब्याकडे निघाल्या. वळणावर त्या एकदा थांबलेल्या नेसाला दिसल्या. वळून खोपटाकडे बघत असाव्यात. मग दिसेनाशा झाल्या.

दुरीची ताटली तशीच होती, सुपावर साय धरली होती. तो घरात नव्हता. नेसा भिंतीला हात लावत मागच्या दारातून बाहेर आली. गच्चीवरचं बर्फ कडेला ढकलून ठेवलेलं होतं आणि मधला दगड ओला काळा दिसत होता. खोपटाचं छप्पर कुणीतरी सरकवलेलं होतं. आत पेटी नव्हतीच. दोन चौथरे होते, रिकामे, आणि एकावर दुरी बसला होता. ऊन सरळ त्याच्या डोक्यावर पडलं होतं. इतकं स्वच्छ ऊन, की प्लाची असता तर जेवण अर्धवट टाकून धावला असता.

"टोपी घाल," नेसा म्हणाली.

त्यानं घातली नाही. "मला वाटलं होतं तू हो म्हणशील."

"मलाही वाटलं होतं."

तो तिच्याकडे बघायला लागला. त्या बघण्यात पोरपणचं काहीतरी होतं. पडलेलं मूल आधी आईचं तोंड बघतं आणि मग रडायचं की नाही ते ठरवतं. नेसानं तोंड तसंच ठेवलं. समोरच्या डोंगरावर बर्फाचा एक कडा तुटून घरंगळला, आवाज फार उशिरा आला.

"आता काय करू मी, आई?"

"काय करणार. करायसारखं काही राहिलेलं नाही. बाईंनी सांगितलं ते ऐकलंस ना. आणायची तर पेटी नाही. आणि माणूस म्हणशील तर तोही नाही."

"रागव तरी."

"राग मला सुपावर येतो, मांजरावर येतो. एवढ्यासाठी राग पुरत नाही." ती दुसऱ्या चौथऱ्यावर टेकली. पाठीला पाठ लागली नाही. दोघं समोरासमोर बसली.  मग नेसानं पदराला हात पुसावेत तसे ॲप्रनला हात पुसले, जरी ते कोरडेच होते, आणि बोलली.

"ऐक दुरी. एकदाच बोलणार आहे, आणि त्यावर तू काही म्हणायचं नाहीस. तू चोर नाहीस. चोराला काहीतरी मिळतं. आळशीही नाहीस, बोटं फुटेस्तोवर तू या थंडीत एकटा बसलास, मी पाहिलंय. तुला जेवायला रोज बोलावीन, कपडे धुवीन, आजारी पडलास तर उशाशी बसेन. आई आहे, ते सुटत नाही. पण माफ कर असं मला म्हणू नकोस. ज्यानं करायचं तो चर्चमागे पुरलाय, आणि त्यानं केलंच असतं, हे मला ठाऊक आहे, म्हणून तर मला करवत नाही. तुझ्या बापाची पेटी कमी सांगत होती. त्यानं ते जगाला सांगितलं आणि शीळ घालत घरी आला. त्याला उभ्या जन्मात कुणी खोटं म्हटलं नाही. त्याला मागून हात लावून धरायला हवं, नाहीतर तो पडेल, असं या जगात एकट्या तुला वाटलं."